नवे ब्रेक, न्हावरे ते दौंड

कोंडिबाआबांनी गाडीची पुढची दोन्ही चाकं एकाच वेळी काढली, तिथंच सगळा घोळ झाला.

एस.टी.त त्यांची सारी नोकरी ब्रेक दाबण्यात गेली होती. पण दाबल्यावर खाली काय होतं ते बघायची वेळ कधी आली नव्हती. ते काम डेपोतल्या मेकॅनिकचं. आता घरची जुनी गाडी ब्रेक मारला की खरखरायला लागली होती, आणि रविवारी दौंडला लेकीकडं, अनिताकडं नातीचं बारसं. आबांनी शिरूरहून चाकाबरोबर फिरणाऱ्या नव्या डिस्क आणि त्यांना आवळणारे पॅड आणले, बारशाच्याच दिवशी भल्या सकाळी अंगणात जॅक लावला आणि मोबाईलवर व्हिडिओ सुरू केला.

जुन्या डिस्क गंजून अशा चिकटल्या होत्या, की हातोडीच्या आवाजानं शेजारच्या म्हशीनं पान्हा चोरला. त्या निघाल्या एकदाच्या. पण नवे चार पॅड समोर मांडल्यावर आबा गोंधळले. दोन पॅडना पत्र्याची बारीक जीभ होती, उरलेल्या दोनांना नव्हती. एक चाक जोडलेलं असतं, तर त्याच्याकडं बघून दुसरं बसवता आलं असतं. आता दोन्हीकडं सारखाच उघडा संसार.

व्हिडिओतला माणूस म्हणाला, जीभ आत.

"आत म्हंजी कुणाच्या आत? गाडीच्या का चाकाच्या?" आबा पुटपुटले.

"मला काय म्हणालात?" नवं लुगडं नेसून दारात आलेल्या आबांच्या कारभारणीनं, तुळजाबाईंनी विचारलं.

"तुला न्हाई. जिभेचं बोलतोय."

"माझ्या जिभेचं?"

"अगं, ब्रेकच्या!"

"ब्रेकला कवापासनं जीभ आली? द्या तो मोबाईल, अनिताला निघालो म्हणून सांगते."

व्हिडिओ तिथंच थांबला. आत म्हणजे गाडीच्या आत, असं आबांनी ठरवलं. नवे पॅड जाड, म्हणून ते बसेनात. तेव्हा त्यांना दाबणारा दट्ट्या मागं रेटला आणि चाकं चढवली. मात्र दट्ट्या मागं रेटला की गाडी हलवण्याआधी ब्रेक तीन-चार वेळा दाबून तो पुन्हा पॅडला भिडवायचा असतो, हे व्हिडिओच्या अगदी शेवटी होतं. तो शेवट तुळजाबाईंच्या कानाला लागलेला होता.

तुळजाबाई डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन पुढं बसल्या. आबांनी गाडी सुरू केली, हँडब्रेक सोडला. अंगणाच्या उतारानं गाडी आपसूक निघाली. रस्त्याच्या तोंडाशी आबांनी ब्रेक दाबला.

पाय सरळ खाली गेला. काहीच लागलं नाही. पुन्हा दाबला, तेच.

आबांना काही समजेना. इतक्या वर्षांत असं पायाखालून काही निघून गेलं नव्हतं. गाडी सावकाश, पण थांबायचं नाव न घेता गावातून उतरू लागली.

"निघालात व्हय आबा?" पारावरून कुणीतरी विचारलं.

आबांनी मान हलवली. हँडब्रेक ओढायचं सुचलं, तेव्हा त्यांचा मोकळा हात रामराम करण्यात गुंतला होता. तो वर गेलेला हात थांब्यावर दौंडच्या एस.टी.ची वाट बघणाऱ्या गावातल्या भैरूनं पाहिला. आबा आपल्यालाच बोलावताहेत असं वाटून तो धावला, मागचं दार उघडून चालत्या गाडीत चढला. त्याच क्षणी आबांचा तिसरा दाब बसला आणि ब्रेक असा लागला, की भैरूचं डोकं तुळजाबाईंच्या अंबाड्यावर आदळलं.

"अवं, रिटायर झालात ते पायाला सांगितलं न्हाई का कुणी?" तुळजाबाई कडाडल्या. "उतारू दिसला की थांबायचंच!"

ब्रेक मघाशी नव्हता, आता होता. का नव्हता आणि का आला, दोन्ही आबांना कळेना. आता दर थोड्या वेळानं तो आहे का बघायचं, एवढंच त्यांनी ठरवलं.

पण रविवारी एस.टी. गाड्या कमी आणि रस्त्यावर माणसं उभी. आबा ब्रेक तपासायला गाडी हळू करत, की कुणीतरी दार उघडे. कोंबड्यांची पाटी घेतलेली एक बाई चढली. भीमेच्या पुलाआधी ब्रेक बघायलाच हवा होता. तिथं नवरा-बायको चढले.

"दौंडच ना?"

"व्हय," भैरूच सांगे. "सरकून घ्या."

दौंडला लेकीच्या दारात गाडी थांबली आणि विहीणबाई शेवंताबाई बघतच राहिल्या. माहेरची एवढी माणसं! त्यांनी आत हाक मारली, "अजून भात टाका गं!" आणि कुणाला काही बोलू न देता सगळ्यांना घरात नेलं. कोंबडीवाल्या बाईला हळदीकुंकू लागलं. पाळण्याच्या गाण्यात तिचा आवाज सगळ्यांत चढा.

आबा मात्र गाडीतच बसून. हँडब्रेक ओढला होता, तरी ब्रेकवरचा पाय काढायचा धीर होईना. एवढ्यात डोक्यावर आहेराची कोरी टोपी, खांद्यावर टॉवेल असा भैरू ढेकर देत बाहेर आला.

"आबा, परतीची कवा?"

"उन्हं उतरली की," आबांच्या तोंडून निघून गेलं. "टायमावर या. गाडी कुणासाठी थांबायची न्हाई."

आपण काय बोलून गेलो, ते भैरू आत गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी घाईघाईनं पुन्हा एकदा ब्रेक दाबून बघितला.

लागत होता.