तुळाजी गव्याला मरायचं होतं

एका जंगलात रोज कुणी ना कुणी मरत असे आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. बाळांनो, हे आधी नीट ऐकून ठेवा. आणि मागच्यांनी चुळबुळ बंद करा. गोष्ट मरणाची आहे, पण घाबरू नका, अतिशय सभ्य आहे. तिच्यात सभा आहे, भाषणं आहेत, ठरावसुद्धा आहे.

त्या जंगलात तुळाजी नावाचा एक म्हातारा गवा होता. एके काळी अख्खा कळप त्याच्या मागून चाले. आता त्याला उठताही येत नव्हतं. कणा कामातून गेला होता, मागच्या पायांत किडे पडले होते आणि तोंडात घातलेलं गवत तसंच बाहेर येत होतं. दिवसभर तो पाणवठ्याजवळच्या उंबराखाली पडून कण्हत असे. त्याची बायको भागा शेजारी उभी राहून त्याच्या जखमांवरच्या माश्या वारत असे.

एक दिवस तुळाजी म्हणाला, "भागा, पुरे झालं गं आता. सोडव मला यातून."

"काहीतरीच काय बोलता! आणि माझं काय?" असं म्हणून भागा रागाने त्याच्याशी बोलेनाशी झाली. माश्या वारायचं काही तिने थांबवलं नाही. पण पुढे पुढे तो झोपेतही हंबरडा फोडायला लागला. ते काही तिला बघवेना. मग ती राग गिळून वैद्याकडे गेली.

वैद्य म्हणजे साळिंदर. अंगभर सुया असल्यामुळे त्याला वेगळं शिक्षण लागलं नव्हतं. त्याने तुळाजीला पुढून मागून तपासलं आणि मान हलवली.

"हे काही बरं होण्यातलं नाही."

"मग वैद्यबुवा, झोपेचं औषध जरा सढळ हाताने द्या," तुळाजी म्हणाला.

साळिंदराचे सगळे काटे उभे राहिले. "अहो, मी वैद्य आहे! माझ्या हातून आजवर पुष्कळ रोगी गेले, पण माझी इच्छा होती म्हणून एकही गेलेला नाही. मुद्दाम मारणं माझ्या धर्मात बसत नाही."

आणि त्याने एक कडू काढा दिला. त्याने दुखणं होतं तिथेच राहिलं आणि वर जुलाब सुरू झाले.

बातमी जंगलभर पसरली. बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. कुणी गुळवेल घेऊन आलं. कुणी म्हणालं, आमच्या आत्याचं अस्संच होतं, पण ती पुढे कितीतरी वर्षं जगली. कशी जगली, ते मात्र त्याने सांगितलं नाही. माकडांचा हास्यक्लब तर रोज सकाळी उंबरावरच भरायला लागला. "तुळाजीकाका, सकारात्मक विचार करा! हा हा हा! हो हो हो!" एकदा हसता हसता एक माकड फांदीवरून सुटलं ते थेट तुळाजीच्या कण्यावर येऊन पडलं. तुळाजी किंचाळला. "बघा, बघा, आवाजात अजून केवढा जोर आहे!" असं म्हणत माकडं खूश होऊन घरी गेली.

शेवटी तुळाजी भागाला म्हणाला, "वाघोबाला बोलाव. तो रोज हेच काम करतो. त्याला कसली अडचण?"

बाळांनो, मलाही हेच वाटलं होतं.

वाघोबा आला. तुळाजीने मान पुढे केली. "महाराज, एवढे उपकार करा."

वाघोबा दचकून मागे सरला. "म्हणजे? तुम्हाला चालणार आहे?"

"चालणार काय, मी हात जोडून विनवतोय."

"छे, छे, छे! तुळाजीराव, मी शिकारी आहे, खुनी नाही. समोरचा पळतो, ओरडतो, पोराबाळांची शपथ घालतो, मग मी मारतो. त्याला निसर्ग म्हणतात. तुम्ही तर स्वतःहून मान देताय! मी तुम्हाला मारलं तर मला झोप लागेल का?"

बिचाऱ्याला दरदरून घाम फुटला. भागाने त्याला पाणवठ्यावर नेऊन पाणी पाजलं. मग त्याने प्रकरण सभेपुढे ठेवलं.

सभेचे अध्यक्ष होते धनेशपंत. त्यांची चोच इतकी मोठी की तिच्यातून बाहेर पडलेला शब्द ऐकणाऱ्याला आपोआप मोठा वाटे. अस्वल म्हणालं, आयुष्य ही देणगी आहे, ती परत करता येत नाही. कोल्हा म्हणाला, आज या गव्याला परवानगी द्याल, तर उद्या प्रत्येक सून सासूला घेऊन रांगेत उभी राहील. त्याबरोबर सगळ्या सासवा भागाकडे संशयाने बघायला लागल्या. तरस म्हणालं, "या विषयात मी तटस्थ आहे," आणि त्याने ओठ चाटले.

दुपार झाली. वाघोबाला भूक लागली. "चालू द्या, आलोच," असं म्हणून तो उठला आणि त्याने शेवटच्या रांगेतल्या एका हरणीची मान धरली. "सोडा हो! माझं पाडस लहान आहे! मला जगायचंय!" हरणी ओरडली. सभेने वळून जरा त्रासिक चेहऱ्याने तिच्याकडे बघितलं, कारण धनेशपंत तेव्हा जिवाच्या पावित्र्यावर बोलत होते. थोड्या वेळाने वाघोबा तोंड पुसत जागेवर येऊन बसला.

ए, तिसऱ्या रांगेतली, रडू नकोस. हरणीबद्दल वाद नव्हताच मुळी.

शेवटी भागा उभी राहिली. "तुम्ही सगळे बोललात. यांना किती दुखतंय, ते एकाने तरी विचारलंत का?"

"बाई, भावनेच्या भरात बोलू नका," धनेशपंत म्हणाले. "प्रश्न दुखण्याचा नाही, तत्त्वाचा आहे."

आणि ठराव झाला. ज्याला मरायचं आहे त्याला मारणं हे पाप. ज्याला मरायचं नाही त्याला मारणं हा निसर्ग. सबब तुळाजीबद्दल संपूर्ण सहानुभूती बाळगून त्याला जगवण्यात यावं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

भागाने घरी येऊन सगळं सांगितलं. तुळाजी म्हणाला, "म्हणजे, मला जगायचंय एवढं म्हटलं की झालं?"

संध्याकाळी वाघोबा पाणी प्यायला आला तेव्हा तुळाजी म्हणाला, "महाराज, मला मारू नका हं. मला जगायचंय."

जन्मात कधी खोटं न बोललेला प्राणी तो. त्याला ते जमणार कसं? वाघोबाने त्याच्याकडे रोखून बघितलं.

"तुळाजीराव, हे मनापासून नाही. माझ्या तत्त्वांशी खेळू नका." आणि तो जायला निघाला.

तुळाजीने डोळे मिटून घेतले. भागाला वाटलं, आपण तरी चार शब्द खोटं बोलून बघावं. तिने तोंड उघडलं.

"नका हो मारू यांना!" ती ओरडली. आणि पुढचं तिला आवरेना. "मी एकटी काय करू? मला हे हवेत! असे पडलेले, कण्हणारे, कसेही असोत, पण हवेत मला!"

बाळांनो, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मनात दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं होतं. तुळाजीने डोळे उघडले. त्याला रडू फुटलं. "भागा, मला तरी कुठे तुला सोडून जायचंय गं!" तो म्हणाला. तेही खरंच होतं.

वाघोबाने कान टवकारले. "हं, आता कसं!" असं म्हणून त्याने अगदी निर्मळ मनाने झेप घेतली.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. तुळाजी अखेरच्या श्वासापर्यंत जगण्यासाठी झुंजला, असं धनेशपंत म्हणाले. साळिंदराने मृत्यू नैसर्गिक असल्याचं जाहीर केलं आणि काढा लागू पडत होता असंही सांगितलं. वाघोबा स्वतः भागाला भेटायला आला.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका. त्यांची मरायची अजिबात इच्छा नव्हती."

"ठाऊक आहे, महाराज," भागा म्हणाली, आणि तोंड फिरवून ढसाढसा रडली.

तात्पर्य: लवकर सुटका हवी असेल तर जगण्याची इच्छा धरावी, मनापासून धरावी आणि वाघाला ऐकू जाईल अशी बोलून दाखवावी. मरणाची इच्छा धराल, तर सगळं जंगल मिळून तुम्हाला जगवल्याशिवाय राहणार नाही.