डब्यातला बदली कोळी

"हा कोण आहे?" डोळ्याचं भिंग न काढताच संशोधकाने विचारलं, आणि स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड एकदम थांबली.

पाच दिवसांनी तो आत्ताच घरी परतला होता. बॅग खांद्यावरच, बूट पायातच, आणि हातात झाकणाला भोकं पाडलेला पारदर्शक डबा.

"कोण म्हणजे? कोळी," बायको दारातून म्हणाली. "आठ पाय आहेत. मोजून घे."

"पाय मोजायला मी सात वर्षं जंगलात जळवांना रक्त पाजलं का? हा बाथरूममधला कोळी आहे! आणि नरसुद्धा नाही, मादी आहे!"

त्याचा संताप अगदीच बिनबुडाचा नव्हता. सात वर्षांत त्याला एका नव्याच जातीच्या तीन माद्या सापडल्या होत्या, नर एकही नाही. आणि कोळ्याची जात रंगावरून ठरत नाही. नराच्या तोंडाजवळ दोन आखूड पाय असतात, त्यांच्या टोकांवरून ती पक्की होते, आणि ती टोकं पुरती घडतात तो वयात आल्यावर. संपादकाने त्याचा निबंध 'नर आणा' म्हणून दोनदा परत पाठवला होता. दुसऱ्या विद्यापीठातली मंडळी याच कोळ्याच्या मागावर होती आणि त्यांचा निबंध महिन्याभरात छापून येणार होता. ज्याचं वर्णन आधी छापलं जाईल, त्याने ठेवलेलं नाव कायमचं. अशात एका झाडाच्या ढोलीत त्याला एक नर मिळाला, पण अर्धवट वयाचा. प्रयोगशाळेतल्या एसीत तो गारठेल म्हणून त्याने तो घरी आणला, डब्यात ओला कापूस आणि एक गुंडाळलेलं वाळकं पान ठेवलं, आणि रोज एक माशी घालायची सूचना देऊन परगावच्या संग्रहालयातले जुने नमुने बघायला गेला.

"माझा कोळी कुठे आहे?"

आई पदराला हात पुसत पुढे आली. "हे बघ, ओरडू नकोस. मेला तो. मंगळवारी. धाग्याला लटकलेला दिसला, हलेना की डुलेना."

"आणि फोन करायचं सुचलं नाही कुणाला?"

सासूसुनेने एकमेकींकडे पाहिलं. गेल्या वर्षी कुणीतरी त्याच्या टेबलावरच्या पेन्सिलीला टोक काढलं, तर त्याने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. मग कोळी मेल्याची बातमी द्यायची कुणाची छाती होणार?

"म्हणून मी बाथरूममधला एक पकडून ठेवला," आई म्हणाली. "तसाच तर दिसतो. माशी तर त्याच्यापेक्षा आवडीने खातो."

"आणि मेलेला?"

"काड्यापेटीत घालून टाकला सुक्या कचऱ्यात. तसाच उघडा कसा टाकायचा?"

"सुका कचरा कधी जातो?"

"शनिवारी," बायको खिडकीतून खाली बघत म्हणाली. "म्हणजे आत्ता."

खाली गाडीचा भोंगा वाजला. संशोधकाच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तरातरा बाथरूममध्ये गेला, "जा, आपल्या घरी जा!" असं गरजून त्याने डबा फरशीवर उपडा केला. पान, कापूस, मादी, सगळं खाली. रिकामा डबा त्याने भिंतीवर आपटला आणि तीन मजले धडधडत उतरला.

"थांबा! माझी काड्यापेटी आहे त्यात!"

"साहेब, अख्ख्या गल्लीचा कचरा आहे," गाडीवाला म्हणाला. "दुकानातून नवी घ्या ना."

"आत माझी सात वर्षं आहेत!"

"मग चढा तुम्हीच."

तो चढला. शिव्या देत त्याने चार पिशव्या फोडल्या. पाचवी आपल्या घरची हे लगेच कळलं, कारण तीत संपादकाच्या पत्राचे त्याने स्वतः केलेले बारीक तुकडे होते. तळाशी काड्यापेटी होती. त्याने ती उघडली, भिंग लावलं, आणि त्याचा आ वासलेलाच राहिला. पाय आठ, पण सगळे पोकळ. पाठ उकललेली.

"कात आहे ही!" तो ओरडला. "मेला नाही तो, कात टाकलीय त्याने! वयात आला!"

"अभिनंदन," गाडीवाला म्हणाला. "मग आता कुठे आहे?"

संशोधकाचा चेहरा पांढरा पडला. कात टाकलेल्या कोळ्याचं अंग मऊ असतं, म्हणून तो काही दिवस जवळच्या अंधारात दडून बसतो. डब्यात अंधाराची जागा एकच होती, गुंडाळलेलं पान. ते त्याने स्वतःच्या हातांनी फरशीवर फेकलं होतं. शेजारी पाणी जायची मोरी होती.

तो धापा टाकत वर पोचला, तर बाथरूममध्ये आई उपड्या बादलीवर बसली होती. समोर काचेचा पेला पालथा, पेल्याखाली पान, आणि पानातून बाहेर आलेले दोन पाय. आईचा हात पेल्यावर होता.

"मोरीकडे निघाला होता. अडवला."

"आई, कोळी कात टाकतो एवढंसुद्धा तुम्हाला..."

"आवाज खाली, नाहीतर पेला उचलते."

तो बादलीसमोर उकिडवा बसला.

"मी विचारलं होतं, हा वाढतो कसा," आई म्हणाली. "तू काय म्हणालास?"

"'तुला काय करायचंय'," बायकोने आठवण करून दिली.

त्याला आठवत होतं. "चुकलं," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही."

"चुकलं माझं!"

"ओरडू नकोस," दोघी एकदम म्हणाल्या.

दुपारी भिंगाखाली ती दोन टोकं दिसली, पुरती घडलेली, काळीभोर, याआधी कुणीही न पाहिलेली. नराने पुढचे पाय उगारले आणि तो भिंगावरच धावून आला. आई आणि बायकोने आळीपाळीने वाकून बघितलं, आणि या वेळी त्याने दोघींना सगळं समजावून सांगितलं. संध्याकाळपर्यंत वर्णन लिहून झालं. नावाची जागा तेवढी रिकामी होती.

"रागीट अशा अर्थाचं काहीतरी ठेव," बायको म्हणाली. "शोभून दिसेल."

त्याने पेन उचललं, रिकाम्या जागेवर टेकवलं आणि परत खाली ठेवलं.

"नाही चालणार," शेवटी तो हळू आवाजात म्हणाला. "आपण शोधलेल्या जातीला आपलंच नाव द्यायचं नाही, असा आमच्यात संकेत आहे."