म्हातारीला मारायचं की नाही?

"यंदा दिवाळी अंकात आपलं नाव छापून येणार म्हणजे येणार!" उमेश राऊतने जाहीर करून टाकलं, आणि तेही घरात बायकोसमोर नव्हे, कॉलेजच्या भरल्या स्टाफरूममध्ये! डहाणूच्या एका ज्युनियर कॉलेजात तो प्रयोगशाळा सहायक होता. अकरा वर्षं त्याने परीक्षानळ्या धुतल्या होत्या आणि अकरा वर्षं कथा लिहिल्या होत्या. फरक एवढाच, की नळ्या परत आल्या की पुन्हा वापरता यायच्या.

या खेपेला मात्र संपादकांनी कथा परत पाठवताना सोबत दोन ओळी लिहिल्या होत्या. 'कल्पना चांगली आहे, पण तुमची पात्रे बोलत नाहीत, भाषणे करतात. सोमवारपर्यंत सुधारून पाठवल्यास विचार करू.'

विचार करू! अकरा वर्षांत कोणी विचारसुद्धा केला नव्हता. पत्र गुरुवारी आलं, म्हणजे हातात चार दिवस. त्याच संध्याकाळी सदूकाकांच्या ओट्यावर लेखक मंडळाची तातडीची बैठक बसली.

मंडळ तिघांचं. सदूकाका पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या सत्तावीस कथा साभार परत आल्या होत्या, त्यामुळे लेखनावर सल्ला देण्याचा त्यांचा अधिकार कोणी नाकारत नसे. दुसऱ्या निलमताई, सरकारी दवाखान्यात नर्स. त्यांची एक कथा खरोखरच छापून आली होती. पण त्या कमी बोलायच्या, म्हणून त्यांचं कोणी ऐकत नसे.

"माणसांत जा!" सदूकाका मांडीवर थाप मारून म्हणाले. "उधव्याचा बाजार गाठ. वही उघड आणि कानावर पडेल ते जसंच्या तसं उतरव. जागासुद्धा मोजून लिही. पंपापासून झाड किती पावलांवर, ते वाचकाला कळलं पाहिजे! आणि एक लक्षात ठेव, आपण लेखक आहोत हे कुणाला सांगायचं नाही. लेखक म्हटलं की माणसं सावरून बसतात. मग मेली कथा!"

"वही नको नेऊस, उमेश," निलमताई म्हणाल्या. "नुसतं ऐक आणि घरी येऊन लिही. आणि पात्रांची भांडणं शोध. भांडण नसेल तर ती कथा नव्हे, लग्नपत्रिका."

उमेशने सदूकाकांचं सगळं ऐकलं आणि निलमताईंचं अर्धं. चुकीचं अर्धं गाळायचं सोडून बरोबर अर्धं गाळलं.

बाजाराच्या दिवशी तो एसटीने तलासरीला आणि तिथून जीपने उधव्याला उतरला. श्रावणातली उघडीप होती. प्रेस केलेला पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत प्रयोगशाळेची लांबलचक जाड वही. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र सकाळच्या घाईत तसंच राहिलेलं. साध्या वेशात आलोय, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती!

आधी त्याने जागा मोजली. हातपंपापासून मोहाच्या झाडापर्यंत तो टाच-अंगठा जुळवत चालत गेला. "एक्केचाळीस… बेचाळीस… त्रेचाळीस!" आकडा वहीत टिपला. झाडावर हात थापटून आवाज ऐकला आणि तेही टिपलं. मग झाडाच्या मुळाशी बसून कान टवकारले.

शेजारी कंटोळ्यांची टोपली मांडून एक म्हातारी बसली होती. नाव लाडकी. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

"काय लिवतोस रे भाऊ?"

लेखक असल्याचं सांगायचं नाही! उमेश हसला. "काही नाही आजी. नुसती माहिती."

'माहिती' या एका शब्दाने घात केला.

"घरकुलाची?" लाडकी सरसावून बसली. "मग माझं नाव लिव. लाडकी. पोरगा हाय, सून हाय, नातवंडं तीन."

वास्तविक इथेच वही मिटायला हवी होती. पण उमेशला लोभ सुटला. समोरून चालत आलेलं जिवंत पात्र, नावगाव आणि नातवंडांसकट! त्याने लिहून घेतलं. निलमताईंचा सल्ला आठवला आणि वर विचारलं, "घरात भांडणं होतात का? कुणाशी?"

लाडकी चपापली. "आता सरकार हे पण इचारतं?"

"सांगा ना. जितकं जास्त, तितकं चांगलं."

जितकं जास्त तितकं चांगलं! ही बातमी बाजारभर पसरली. पाच मिनिटांत मोहाखाली रांग लागली. भिकीने जावेशी असलेलं भांडण सांगितलं, तिच्या मागे उभ्या असलेल्या जावेने त्याच भांडणाची दुसरी बाजू सांगितली. बाबल्याच्या घरात भांडणच नव्हतं, तो बिचारा घाबरून म्हणाला, "साहेब, आज जाऊन करतो!" उमेशची मान वर होईना. एकतीस नावं झाली! एवढी पात्रं तर सदूकाकांच्या सत्तावीस कथांत मिळून नव्हती.

"कुठल्या ऑफिसचे?"

आवाज शांत होता. उमेशने वर पाहिलं. पस्तिशीचा एक गडी समोर उभा होता, मागे आणखी चार. रांग आपोआप गप्प झाली.

"ऑफिस नाही… मी असाच…"

"असाच कोण पावलं मोजतो?" त्या माणसाचं नाव चैत्या. त्याच्या मामाच्या शेतातून रस्ता गेला होता. त्याआधी असाच एक जण आला होता. पांढरा शर्ट, गळ्यात कार्ड. त्यानेही 'नुसती माहिती' असंच सांगितलं होतं. "वही द्या."

"अहो, ती खासगी आहे."

"आमची नावं लिवली, आणि वही तुमची खासगी?"

चैत्याने वही घेतली आणि मोठ्याने वाचायला लागला. दहावी शिकलेला होता, खणखणीत वाचत होता. उमेशला त्या क्षणी वाटलं, देशात साक्षरता थोडी सावकाश पसरली असती तरी चाललं असतं!

"'पंप ते मोह, पावलं त्रेचाळीस. झाड आतून पोकळ. शेवटी पाडायचं.'"

गर्दीत कुजबुज उठली. तो मोह कुणाच्या आज्याने राखलेला होता, कुणाचा देव त्याच्या बुंध्याशी होता.

"'शेवटच्या पानापर्यंत गाव रिकामं व्हायला हवं.'"

कुजबुज थांबली. थांबली ते जास्त वाईट झालं. जीपवाला निघायच्या बेतात होता, तो इंजिन बंद करून खाली उतरला.

"'म्हातारीला मारायचं की नाही? निलमताईंना विचारणे.'"

सगळ्यांनी लाडकीकडे पाहिलं. लाडकीने आपली टोपली हळूच मागे ओढली.

"ही गोष्ट आहे हो!" उमेश ओरडला. "कथा! मी कथा लिहितो!"

"आतापर्यंत माहिती होती, आता कथा झाली?" चैत्या म्हणाला. "निलमताई कोण? मोठी साहेब?"

"नाही, नाही! त्या आमच्या मार्गदर्शक. त्यांनाच विचारा! त्या सांगतील!"

"लाव फोन. सगळ्यांना ऐकू येईल असा."

उमेशला सुटकेचा दरवाजा दिसला. त्याने फोन लावला, स्पीकर चालू केला. तीनदा वाजला. चौथ्यांदा निलमताईंनी उचलला. त्या ड्युटीवर होत्या, मागे कुणीतरी कण्हत होतं.

"निलमताई, मी उमेश! उधव्याला आहे. जरा सांगा ना, ती म्हातारी…"

"पुन्हा म्हातारी!" निलमताई कधी नव्हे त्या भडाभडा बोलायला लागल्या. "अरे, किती वेळा विचारशील? मारून टाक तिला! इतकी दया आली तर तुझ्याच्याने काही व्हायचं नाही. आणि ते गाव आधी रिकामं कर, उगाच रेंगाळतंय. सोमवारच्या आत सगळं उरकलं पाहिजे, नाहीतर ते लोक दुसऱ्याला घेतील! ठेवते, इथे एकाला टोचायचंय."

फोन बंद झाला.

बाजारात कोंबडीसुद्धा ओरडेना. मग एकदम सगळेच बोलायला लागले. "पकडा!" "पोलिसाला द्या!" "पोलीस कशाला, आम्ही हाय ना!" चैत्याने उमेशचं मनगट धरलं. मागून कुणीतरी कॉलर धरली. भिकीची आणि जावेची तर आयुष्यात पहिल्यांदा एकी झाली. दोघींनी मिळून एकच चप्पल उगारली. उमेशला बायकोचा चेहरा आठवला, स्टाफरूम आठवली, आणि कथा अपुरी सोडून लेखक गेल्याची चौकटीतली बातमीही दिसली.

"सोडा त्याला."

गर्दी दुभंगली. सरपंच नर्मदाताई आल्या होत्या. लहानखुऱ्या बाई, हातात भाजीची पिशवी. त्यांनी ओळखपत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, उमेशला नखशिखांत न्याहाळलं आणि मोहाखालच्या दगडावर बसल्या.

"कथा लिवतोस म्हणतोस?"

"हो ताई. देवाशप्पथ!"

"मग वाच. कथा असली तर कळेल. नसली तरी कळेल."

वहीच्या मधल्या पानांवर संपादकांनी परत केलेली कथा होती. उमेशने आयुष्यात पुष्कळांसमोर कथा वाचली होती, पण श्रोत्यांनी कॉलर धरलेली असताना कधीच नाही. त्याने चैत्याकडून वही घेऊन सुरुवात केली. चौथ्या पानावर कथेतली म्हातारी गाव सोडायला नकार देत होती. "'हे निष्ठुर नियती! या मातीच्या कणाकणांत माझ्या पूर्वजांच्या घामाचा दरवळ सामावला आहे. मी येथून एक तसूभरही हलणार नाही!'"

पाठीमागून फिस्सकन कुणीतरी हसलं. मग दुसरं. मग अख्खा बाजार!

"असं कोण बोलतं?" लाडकी डोळे पुसत म्हणाली. "घामाचा दरवळ! तुझी म्हातारी काय रेडिओवर होती?"

"तीन दिवस जेवली नाय असं आधी वाचलंस," बाबल्या म्हणाला, "मग एवढा दम कुठून आला तिला?"

"आणि ही सून कुठं गेली?" भिकीने विचारलं. "पहिल्या पानावर होती."

खरंच की! सून कुठे गेली होती? अकरा वर्षांत उमेशला कोणी इतकं बारकाईनं वाचलं नव्हतं. कॉलर कधी सुटली तेही त्याला कळलं नाही.

चैत्याने मात्र त्याच्या हातातली वही घेऊन मिटली. "कथा हाय हे पटलं. इतकं खोटं सरकारी माणूस लिवणार नाय. पण या एकतीस जणांचं काय? ते घरकुलासाठी उभे राहिले. तू हसत हसत नावं घेतलीस."

उमेशने रांगेकडे पाहिलं. रांग अजून मोडली नव्हती. मघाशी चप्पल उगारली होती तेव्हा त्याला भीती वाटली होती. आता मान वर करवेना.

"चुकलं," तो म्हणाला.

"चुकलं ना? मग चल पंचायतीत," नर्मदाताई उठल्या. "पोरं अर्ज लिवून देत नाहीत, वेळ नाय म्हणतात. तुला लिवायची हौस हाय. एकतीस अर्ज लिव. शेवटचा झाला की जीप सुटेल."

दुपारी एकपासून दिवस कलेपर्यंत उमेश अर्ज लिहीत होता. हाताचं लाकूड झालं. पहिल्या अर्जात त्याने झोकात सुरुवात केली, 'महोदय, अत्यंत हलाखीच्या परिस्थितीत…' तर समोर बसलेल्या लाडकीने पेनावर हात ठेवला.

"तसं नको. मी सांगते तसं लिव. घर नाय असं नाय. घर हाय. पण पावसाळ्यात पाऊस आत राहतो न् आम्ही बाहेर."

उमेशने लिहिलं. मग काही क्षण तो त्या ओळीकडे बघतच राहिला. मग पुढचा माणूस आला, त्याचं ऐकलं. मग त्याच्या पुढचा. चैत्या दाराशी बसून एकेक अर्ज तपासून बघत होता. एकतिसाव्या अर्जावर सही झाली तेव्हा त्याने चहा पुढे केला.

रविवारी उमेश टेबलावरून उठला नाही. बायकोने दोनदा जेवण गरम केलं, तिसऱ्यांदा झाकून ठेवलं. नियती गेली, दरवळ गेला, सून परत आली. म्हातारी मेली नाही. तिला मारायची हिंमतच उरली नव्हती! सोमवारी सकाळी कथा गेली. आठ दिवसांत उत्तर आलं, 'संवाद अप्रतिम. कथा स्वीकारली आहे.' सदूकाकांनी सगळं श्रेय घेतलं. निलमताईंना ती फोनची हकिगत कळली तेव्हा त्यांनी दोन दिवस उमेशशी अबोला धरला.

दिवाळीच्या तोंडावर अंक हातात पडल्याबरोबर तो घेऊन उमेश थेट उधव्याला गेला. अर्जांचं उत्तर अजून आलं नव्हतं. नर्मदाताई त्यासाठी तालुक्याला दोन खेपा करून आल्या होत्या. मोहाखाली सगळे जमले. या वेळी उमेशने आपणहून वाचलं, चैत्याच्या डोळ्याला डोळा भिडवून. कुणी हसलं नाही. बाबल्याने मध्येच मान डोलावली, भिकीने जावेला कोपराने ढोसलं.

"चांगली झाली," वाचून संपल्यावर लाडकी म्हणाली. मग थोडा विचार करून तिने विचारलं, "पण पाऊस आत राहतो, ते मी सांगितलं. विहिरीचं भिकीने सांगितलं. सुनेचं बोलणं त्या जावेचं. यात तुझं काय रे भाऊ?"

उमेशने मागेपुढे पानं उलटली. खरं तेच होतं. शेवटी कथेच्या वर, मथळ्याखाली ठळक अक्षरांत छापलेल्या नावावर त्याने बोट ठेवलं. "हे," तो ओशाळून म्हणाला. "हे तेवढं माझं."

चैत्या वाकला आणि नेहमीसारखं खणखणीत वाचलं.

"रमेश राऊत."