सासऱ्यांसकट पोर्च

कारकून जावयाने तीन आठवडे खपून दारापुढे पोर्च उभा केला, तो केवळ सासऱ्यांच्या तोंडून एकदा 'छान' ऐकण्यासाठी. सासरे निवृत्त सुतार. त्यांनी आयुष्यात कशालाही छान म्हटलं नव्हतं. लग्नाआधी जावयाला नीट निरखून ते "चालेल" म्हणाले होते, आणि तेही मुलीने डोळे वटारल्यावर.

लाकूड समोरच्या गोदामाने टाकून दिलेलं. माल ठेवायची जुनी पॅलेट्स. ती सुटी करताना पटाशी मोडली, अंगठा सुजला. तेव्हा दोन पॅलेट्स होती तशीच शेजारी-शेजारी ठोकून जमीन केली आणि उरलेल्यांच्या फळ्यांचा कठडा. भिंतीला मात्र एक खिळा नाही. "नव्या रंगाला भोक पडलं ना, तर तुम्ही त्या पोर्चवरच राहायला जा," असं बायकोने बजावलं होतं.

रविवारी सासरे आले. कठड्यावरून तळवा फिरवला, "हं" म्हणाले आणि पोर्चवरच्या आरामखुर्चीत पेपरामागे गडप झाले. जावई चहा आणायला आत गेला. ते "हं" चांगलं की वाईट, यावर स्वयंपाकघरात नवरा-बायकोचा खल सुरू झाला.

इकडे गोदामाला टाकलेली पॅलेट्स पुन्हा हवीशी झाली होती. फोर्कलिफ्टवाला कानांवर टोपणं चढवून, गोदामाने दिलेली मालाची चिठ्ठी घेऊन गल्लीतून ती गोळा करत आला. पॅलेट ही मुळात उचलली जाण्यासाठीच जन्मलेली वस्तू. समोरच्या फटींत त्याने लोखंडी दांडे सारले आणि पोर्च अलगद वर गेला.

जावई कप घेऊन धावत आला, तो दारातून थेट मातीत. "अहो, थांबा! वर सासरे आहेत!"

फोर्कलिफ्टवाल्याने एक टोपण सरकवलं. "चिठ्ठीत तर नाहीत."

"खाली उतरवा आधी!"

"थांब रे," वरून आवाज आला. सासऱ्यांनी पेपराची घडी केली. "जरा एक गचका दे बघू."

"गचका? पडाल, आजोबा!"

"पडलो तर जावयाच्या नावाने. दे तू."

गचका बसला. खुर्ची हलली, चष्मा नाकावर घसरला. कठडा कुरकुरलासुद्धा नाही.

"छान," सासरे म्हणाले.

जावयाला गहिवरून आलं.

"जावईबापू, गल्लीच्या टोकाला आमच्या दारापुढे जागा रिकामीच आहे. चल रे, सरळ घे. गोदामवाल्याशी मी बोलतो."

पोर्च डौलात निघाला. बायको दारात आली.

"काय हो, आवडला का बाबांना?"

"आवडला," जावई डोळे पुसत म्हणाला. "घेऊन गेले."