जावेचे शहाण्णव

माझी योजना बिनतोड होती, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. तिच्यात खोट एकच होती, ती म्हणजे माझी धाकटी जाऊ.

आठव्या वर्षी मला टाइप वन मधुमेह झाला. आता मी त्रेचाळीसची. पस्तीस वर्षं घासाघासाचा अंदाज बांधायचा, पोटात सुई टोचायची आणि तरीही आकडा चुकला की आपणच गुन्हेगार. एवढ्या वर्षांत नोकरदार माणसाला मानानं निरोप देतात. मला साधी किरकोळ रजा नाही.

त्यात दोन वर्षांपूर्वी दंडावर चिकटवायचा सेन्सर आला. साखरेचा आकडा दर पाच मिनिटांनी माझ्या फोनवर, आणि तिथून आमच्या ह्यांच्या फोनवर. तेव्हापासून ह्यांनी माझ्या तोंडाकडे पाहायचंच सोडलं. मी शिवणाच्या मशीनवर बसले की फोन वाजलाच म्हणून समजा.

"दोनशे दहा? काय खाल्लंस?"

"काही नाही. राग गिळला."

घराखालीच आमचं पडदे शिवायचं दुकान आहे. शेजारच्या मशीनवर जाऊ बसते, मांडीवर बिस्किटांचा पुडा घेऊन. एक संपला की दुसरा फोडते. तिला काही होत नाही. वजनसुद्धा वाढत नाही. पहिल्या पुड्यापर्यंत मला तिचा नुसता हेवा वाटतो; दुसऱ्यापासून पुढे जे वाटतं ते लिहिण्यासारखं नाही.

एक सेन्सर दहा दिवस चालतो; त्या दिवशी नवा लावायचा होता. मी डबी हातात धरून बसले आणि ती उघडायला हातच उचलेना. रडूही येईना. नुसता कंटाळा, हाडांपर्यंत पोचलेला.

"काय झालं, ताई?"

"मला आज मधुमेह नकोय. दहा दिवस तू सांभाळ."

मी चेष्टेत म्हटलं होतं. पण तिनं पुडा बाजूला ठेवला आणि बाही वर केली. "लावा. दहा दिवसांत काय मरत नाही मी."

दिवसभर आम्ही शेजारी, रात्री मध्ये एक भिंत, तेव्हा सेन्सर माझ्या फोनच्या टप्प्यातच राहणार; फोनला काही कळायचं कारण नव्हतं. इन्सुलिन मी घेणारच होते आणि गुपचूप बोटाला टोचून साखरही बघणार होते. पहिले दोन दिवस बघितलीही.

दुपारी ह्यांचा फोन आला. मी सवयीनं सबब तयार ठेवली.

"पंच्याण्णव!" ते ओरडलेच. "सकाळपासून कशी सरळ रेघ आहे. शाब्बास."

संध्याकाळी हे फुलं घेऊन आले. लग्नाला अठरा वर्षं झाली, फुलं पहिल्यांदा. आणि ती जावेच्या रक्ताला!

चौथ्या दिवशी ह्यांनी तो आलेख सगळ्या नातेवाइकांना पाठवला. जाऊ मान वेळावत म्हणाली, "रक्तच तसं आहे हो माझं." मग मात्र माझं डोकं फिरलं. मी केक आणला आणि तिला प्रेमानं तीन तुकडे भरवले. आकडा एकशे अठ्ठावीसवर गेला, थोडा वेळ टेकला आणि शहाण्या मुलासारखा खाली आला. मी नुसत्या वासानं दोनशेवर जाते.

"अजून आहे का, ताई?" तिनं विचारलं.

आलेख डॉक्टरबाईंपर्यंत पोचला. त्यांनी निरोप धाडला: रविवारी रुग्णांचा मेळावा आहे, हे कसं जमवलंत ते येऊन सांगा. नाही म्हणायला तोंड होतं कुठे?

रविवारी सकाळी मी इन्सुलिन टोचलं आणि खायला बसले, तर जाऊ आरशासमोर उभी. "आज माझा सत्कारच म्हणायचा," ती म्हणाली. मला इतका संताप आला की मी ताट तसंच सारून उठले. इन्सुलिन मात्र पोटात गेलेलं होतं. ते काही उठत नाही.

सभागृहात शंभरेक माणसं. मी माईकसमोर उभी राहिले. "नियमितपणा," मी म्हणाले, आणि पुढचा शब्द सापडेना. हात थरथरायला लागले, पाठीवरून घामाच्या धारा, समोरच्या खुर्च्या लांब लांब जाऊ लागल्या. साखर धाडकन उतरत होती. पस्तीस वर्षांची ओळख, मी लगेच ओळखलं. पण जीभ वळेना.

पहिल्या रांगेत ह्यांनी फोन उंच धरला. "शहाण्णव आहे. काही नाही, घाबरलीय ती."

डॉक्टरबाईंनीही मान डोलावली. मी खाली बसले. खरं तर पडलेच.

तेवढ्यात जाऊ खुर्च्या ढकलत मंचावर चढली. "ते शहाण्णव माझे आहेत!" तिनं सगळ्यांसमोर बाही वर करून दंड दाखवला, आणि दुसऱ्या हातानं फळांच्या रसाची बाटली माझ्या तोंडाला लावली. "प्या, ताई. मला खूप मिरवायचं होतं, पण तुमच्या जिवावर नाही."

दहा मिनिटांनी सभागृह पुन्हा जागेवर आलं. मग मागून काठीवाले एक आजोबा उठले. "मला चाळीस वर्षं झाली," ते म्हणाले. "अशी जाऊ एखाद्या आठवड्यापुरती मिळेल का?"

हसता हसता निम्मं सभागृह डोळे पुसत होतं.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "हे जिवावर बेतलं असतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याशेजारी बसल्या. "थकलात ना? आजारानं नाही, आजार सांभाळून. मला सांगायचं होतंत." ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही. धोक्याचा इशारा वाजला तरच फोन बघायचा. एरवी बायकोकडे बघायचं."

घरी येताना हे हळूच म्हणाले, "ती फुलं तुझ्यासाठीच होती." मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण डोळे भरले होते आणि ते ह्यांना दाखवायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी नवा सेन्सर माझ्या दंडावर आला. आकडा दोनशे त्रेचाळीस. हे दुकानात आले. फोन खिशात होता आणि हात खिशावर. बराच वेळ धडपडून ते दारावरच्या नव्या पडद्याकडे बघत म्हणाले, "काय सुंदर चुण्या घातल्यास गं. तुझ्या हातात कसब आहे."

जावेनं मशीन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

पडदा तिनं शिवला होता.