मेजरांची मांडी

बोकडाच्या मांडीला टाके घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी सोपानराव मेजर. धुळवडीच्या सकाळी अंगणात पाट टाकून, चष्मा नाकावर सरकवून, दाभणात दोरा ओवून ते बसले, की सिव्हिल सर्जनलाही न्यूनगंड यावा.

मेजर म्हणजे खरे मेजर नव्हेत. फौजेत ते साहेबांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. पण आमच्या कन्हेरी गावात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच. मी तिथल्या शाळेत मास्तर, त्यांच्याच शेजारच्या खोलीत भाडेकरू. फौजेत नाताळच्या बड्या खान्याला मेजर साहेब लोकांसाठी भरलेली मांडी करायचे, ती विद्या ते पेन्शनीबरोबर गावी घेऊन आले. घरात त्यांच्या बायकोनं, आमच्या काकींनी, वारकऱ्यांची माळ घातलेली, मटण वर्ज्य, त्यामुळे सगळा कारभार अंगणातल्या चुलीवर. प्रत्येक हुकमाच्या शेवटी "कोई शक?" असायचं. शंका काढायची कुणाची छाती नव्हती.

शंका एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे अख्खी मांडी मिळणार कशी? धुळवडीला आमच्या आळीत सहा घरांत मिळून एक बोकड. केळीच्या पानांवर सहा वाटे पडायचे आणि प्रत्येक वाट्यात मांडी, छाती, काळीज, हाडं सगळं सारखं. त्यात एकानं अख्खी मांडी मागणं म्हणजे भर पंगतीत श्रीखंडाचं पातेलंच उचलून नेणं.

दरवर्षी यावरून कुरबूर व्हायची. एका वर्षी, ब्याण्णव की त्र्याण्णव असेल, वाटे घालणाऱ्या आळीतल्या तात्यांनी सत्तूर उगारला आणि मेजरांनी मांडीवर चक्क दोन्ही हात ठेवले.

"मेजर, हात काढा. बोकड काय तुमच्या एकट्याचा हाय व्हय?"

"काळीज घ्या, मुंडी घ्या, छाती बी घ्या. मांडी तुटायची न्हाय!"

"आन् आमी काय हाडं चोखायची?"

मेजरांचा आवाज एकदम खाली आला. "तात्या, सगळ्यांनी माझ्या अंगणात जेवा. पर येवढी अख्खी राहू द्या." इतकं आर्जव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तात्यांनी सत्तूर खाली ठेवला, पण कपाळावरची आठी काही ठेवली नाही.

मग मेजर कामाला लागले. हाड काढून आत खिमा, कांदा, खोबरं, कोथिंबीर आणि मधोमध ओळीनं उकडलेली अंडी. वरून टाके. पातेल्याच्या खाली निखारे, झाकणावर निखारे. जवळपास मोठ्यानं बोलायची बंदी. दर दहा मिनिटांनी मला विचारणा, "गुरुजी, टाइम?" मीठ चाखायचा मान माझा. त्या मानापायी मी सकाळपासून उपाशी.

दुपारी दोरा निघाला आणि चकत्या पडल्या. प्रत्येक चकतीत मधोमध पिवळंधमक अंडं! तात्यांनी पहिली चकती तोंड वाकडं करून घेतली, दुसरी मुकाट्यानं घेतली आणि तिसरी मागून घेतली.

मेजर मात्र दिसेनात. त्यांना बोलवायला म्हणून मी आत डोकावलो. आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ते काकींच्या समोर जेवायला बसले होते. दोघांच्या मध्ये ताटात एक भला मोठा दुधी. डाळ-खोबऱ्यानं भरलेला, टाके घातलेला. मेजर त्याचा दोरा हलक्या हातानं उसवत होते.

"बसा गुरुजी," काकी म्हणाल्या. "मी माळ घातली तवापास्नं ह्यांनी बी मटण तोंडाला लावलं न्हाय. कुणाला सांगू नका म्हंत्यात."

मी चाटच पडलो. "मग मेजर, मांडीसाठी एवढं भांडण कशाला?"

ते दुधीकडे बघत म्हणाले, "हिनं माळ घातली तवा आळीतली लोकं बोलली, बाईनं नवऱ्याचा सण बुडवला. ही दोन दिस अन्नाला शिवली न्हाय. आता धुळवडीला सगळ्या आळीत मोठा सण माझ्या दारात व्हतो. हाय कुणाची टाप हिला बोलायची?"

तेवढ्यात बाहेरून तात्या ओरडले, "मेजर, शेवटची चकती ऱ्हायलीया! खाणार का न्हाय?"

"तुमीच खावा!" मेजर आतूनच गरजले. "मी चार हाणल्या, पोट फुटंल आता!"

काकींनी पदरानं डोळे पुसले आणि दुधीची सगळ्यात मोठी चकती त्यांच्या ताटात वाढली.