धुतलेला चंबू

रसायनशास्त्रात डॉक्टर होऊन विज्ञानाच्या इतिहासाकडे वळलेल्या त्या माणसाने पहिल्याच आठवड्यात इतिहास धुऊन टाकला. तोही साबण लावून.

झालं असं, की विभागात एका दिवंगत प्राध्यापकांचं कपाट आलं. हे त्याचेच जुने सर. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, एकेका वस्तूची नोंद करा, मी आलेच." कपाटात काचेचा चंबू निघाला. बुडाशी तपकिरी थर, गळ्यात चिठ्ठी: 'हात लावू नये'. पण सहा वर्षं प्रयोगशाळेत काढलेला हात मळकी काच दिसली की परवानगी विचारत नाही. घासून झालं, नियमाप्रमाणे तीनदा विसळून झालं, आणि त्यात चिठ्ठीही वाहून गेली.

"थर कुठंय?" मॅडमनी आल्याआल्या विचारलं.

"निघाला एकदाचा. फार चिवट होता."

मॅडमनी चंबू उलटा करून आत पाहिलं. तो थर म्हणजे सरांचा शेवटचा, अर्धवट राहिलेला प्रयोग, असं त्यांचं मत होतं. कपाट आलं तेव्हाच चंबू पाहून त्यांनी प्रदर्शनासाठी तीन पानंही लिहून ठेवली होती. "सोमवारपर्यंत तो थर कसला होता ते शोधा," त्या म्हणाल्या, "नाहीतर तुमची प्रयोगशाळा आहेच की."

परत जायचं नव्हतं त्याला. प्रयोगांपेक्षा ते करणारी माणसंच त्याला आवडायला लागली होती, आणि हे उशिरा कळलं होतं.

तो चंबू घेऊन जुन्या प्रयोगशाळेत गेला. तोच वास, तोच गळका नळ. तीस वर्षं तिथे असलेल्या परिचर काकांनी चंबू उजेडात धरला.

"अरे वा, सरांचा चहाचा चंबू! कुणी घासला हो इतका?"

"चहाचा?"

"रोज चारला. कुणी यात भलतंच काही ओतू नये म्हणून याच्या गळ्यात 'हात लावू नये' अशी चिठ्ठी बांधलेली असायची. तुम्ही पण प्यायलात की. तुमचा चार महिन्यांचा प्रयोग फुकट गेला, त्या दिवशी."

त्याला आठवलं. सरांनी नुसता कप पुढे केला होता आणि शेजारी बसून राहिले होते. त्या चहामुळेच तो दुसऱ्या दिवशी परत कामावर आला होता.

सगळं सांगायला तो काकांनाच घेऊन मॅडमकडे गेला. सांगून झाल्यावर निकालाची वाट पाहत उभा राहिला. मॅडमनी आपली तीन पानं शांतपणे फाडली.

"काका, याच चंबूत चहा होईल?"

"न व्हायला काय झालं?"

चहा झाला. मॅडमनी कोरा कागद पुढे ओढला. "हं डॉक्टर, बसा. त्या दिवशी सर कुठल्या बाजूला बसले होते, इथपासून सांगा."

तो सांगत राहिला, काका चुका काढत राहिले. पाच वाजले, कप रिकामे झाले, आणि बोलता बोलता तो चंबू उचलून नळाकडे निघाला.

"डॉक्टर," मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "तो खाली ठेवा."